सामाईक कॉम्पोनंट लायब्ररी: तक्त्याला ४१ प्रॉप झाले, आता रेषा कुठे ओढावी?

प्रश्न

नमस्कार. आमच्या टीमकडे तीन अंतर्गत वेब ॲप्लिकेशन आहेत. एक खरेदीच्या मागण्या नोंदवण्याचे, दुसरे मालसाठ्याचे आणि तिसरे बिलांच्या मंजुरीचे. तिन्ही रिॲक्ट या जावास्क्रिप्ट साधनात लिहिलेली असून अडीच वर्षांपूर्वी आम्ही त्यांच्यासाठी कॉम्पोनंटची, म्हणजे पडद्याच्या पुन्हा वापरता येणाऱ्या भागांची, एक सामाईक लायब्ररी बांधायला घेतली. बटण, इनपुट, तारीख, रक्कम, डायलॉग आणि तक्ता एवढे कॉम्पोनंट तिच्यात आहेत. पहिल्या पाचांबद्दल कोणाची तक्रार नाही. दुखणे आहे ते तक्त्याचे.

सुरुवातीला तक्त्याला रकान्यांची यादी आणि ओळी एवढ्या दोनच गोष्टी द्याव्या लागत. मग मालसाठ्यात कमी शिल्लक असलेली ओळ लाल दिसायला हवी होती, म्हणून एक प्रॉप (कॉम्पोनंटला बाहेरून दिली जाणारी सूचना) आला. बिलांच्या पडद्यावर ओळी निवडायला चेकबॉक्स हवे होते, पण मंजूर झालेल्या बिलांवर नको होते, म्हणून आणखी दोन आले. खरेदीच्या पडद्याला खाली बेरजेची ओळ हवी होती. असे करत आज त्या कॉम्पोनंटला ४१ प्रॉप आहेत आणि त्यांतले १८ निव्वळ खरे-खोटे स्वरूपाचे आहेत. गेल्या महिन्यात बिलांसाठी 'मंजूर ओळी लपवा' या प्रॉपमध्ये एक दुरुस्ती केली, तर मालसाठ्याच्या पडद्यावरचे सॉर्टिंग बंद पडले, आणि ते आम्हाला तीन दिवसांनी एका वापरकर्त्याकडून कळले.

टीममध्ये आता दोन मते आहेत. काहींना वाटते की लायब्ररीचा नाद सोडून प्रत्येक ॲप्लिकेशनने आपला तक्ता आपण लिहावा. काहींच्या मते बाजारातला एखादा मोठा तयार ग्रिड, म्हणजे अनेक सोयी असलेला तक्ता, घ्यावा. मला दोन्ही पटत नाहीत, परंतु त्यांना उत्तर देण्याइतकी स्पष्टता माझ्याजवळ नाही. सामाईक कॉम्पोनंटमध्ये काय असावे आणि काय असू नये, ही रेषा आपण कशी ओढता? आणि चालू ॲप्लिकेशन न थांबवता इथून तिथे कसे जावे?

उत्तर १

आपण वर्णन केलेली अवस्था मी दोन प्रकल्पांत जवळून पाहिली आहे. १८ खऱ्या-खोट्या प्रॉपचा अर्थ कागदावर २,६२,१४४ निरनिराळे तक्ते असा होतो. त्यांतले बहुतेक कोणी कधी पाहिलेले नाहीत आणि पुढेही कोणी तपासणार नाही. लपवण्याचा आणि सॉर्टिंगचा संबंध कोणी मुद्दाम जोडला नसणार; एकाच फंक्शनमधल्या अटींच्या गर्दीत तो नकळत जुळला असणार.

रेषा ओढताना मी एक साधी परीक्षा वापरतो. प्रॉपचे नाव मोठ्याने वाचावे. त्यात कामकाजातला शब्द आला, म्हणजे मंजूर, शिल्लक, बिल, पुरवठादार असे काही आले, तर तो प्रॉप तक्त्याचा नाही. बिल मंजूर होणे म्हणजे काय, हे तक्त्याला ठाऊक असण्याचे कारणच नाही. त्याला ठाऊक असावे ते वेगळेच आहे: शीर्षकाची ओळ स्क्रोल करताना जागेवर राहावी, कोणता रकाना कोणत्या क्रमाने लावला आहे हे डोळ्यांना बाणाने आणि स्क्रीन रीडरला (पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) एरिया-सॉर्ट (aria-sort) या एचटीएमएल ॲट्रिब्यूटने कळावे, माहिती येत असताना, एकही ओळ नसताना आणि सर्व्हरने चूक कळवली असताना काय दिसावे. ही सगळी वागणूक आहे. ती तिन्ही ॲप्लिकेशनमध्ये सारखीच हवी आणि तीच लिहायला सर्वांत किचकट असते, म्हणून ती एकदाच लिहावी.

उरलेले काम बाहेरून आत सोडावे. चेकबॉक्सचेच उदाहरण घेऊ. 'निवड दाखवा', 'मंजूर ओळींवर निवड नको', 'मंजूर ओळी लपवा' अशा प्रॉपऐवजी तक्त्याला एकच फंक्शन द्या. ओळ दिली की ती निवडता येते की नाही हे ते सांगेल, आणि येत नसेल तर कारणाचे वाक्यही परत देईल. 'हे बिल आधीच मंजूर झाले आहे' हे वाक्य बिलांच्या ॲप्लिकेशनमध्ये लिहिले जाईल. ते कुठे व कसे दाखवायचे एवढेच तक्ता ठरवेल. कारण परत देण्याचा आग्रह मी मुद्दाम धरतो. नुसता करडा पडलेला चेकबॉक्स पाहून वापरकर्त्याला काय चुकले ते कळत नाही आणि तो मदतीसाठी फोन करतो. ओळी लपवणे तर तक्त्याचे कामच नव्हे. जी ओळ दाखवायची नाही ती त्याला देऊच नये.

त्याचबरोबर तक्ता हा एकसंध ठोकळा ठेवू नका. शीर्षक, ओळ, चौकट, निवड आणि पाने उलटण्याची पट्टी हे निरनिराळे भाग करा, आणि ज्या पडद्याला जे हवे ते त्याने जोडून घ्यावे. पडद्यावरचा कोड थोडा लांबतो हे खरे आहे, पण तो वाचताना पडद्यावर काय दिसणार ते समजते, जे ४१ प्रॉपच्या यादीवरून समजत नाही.

एक सावधगिरी. दोन पडद्यांवर एकच गोष्ट दिसली की ती लगेच लायब्ररीत नेऊ नये. दोन ठिकाणी सारखा कोड राहिला तर थोडे श्रम वाया जातात. चुकीच्या ठिकाणी जोडलेला कोड सोडवायला मात्र आपल्याला आज जो त्रास होतो आहे तो होतो. तिसऱ्या पडद्याने तीच गरज मांडली की मग विचार करावा.

उत्तर २

तक्त्याबद्दल वर जे लिहिले आहे त्याच्याशी मी सहमत आहे. मला चिंता वाटते ती प्रश्नातल्या एका सहज वाक्याची: तारीख आणि रक्कम यांबद्दल तक्रार नाही. तक्त्याची चूक डोळ्यांना दिसते. तारखेची आणि रकमेची चूक डेटाबेसमध्ये जाऊन बसते आणि महिनोन्‌महिने तिथेच राहते. कृपया आजच ते दोन कॉम्पोनंट उघडून पाहा.

तारखेपासून सुरुवात करा. मी पूर्वी ज्या प्रकल्पावर काम करत होतो तिथे ३१ मार्च निवडली की ३० मार्च साठवली जात असे. कॉम्पोनंट वापरकर्त्याच्या घड्याळाप्रमाणे मध्यरात्रीचा क्षण तयार करत होता, आणि तो सर्व्हरला पाठवण्यापूर्वी टू-आयएसओ-स्ट्रिंग या फंक्शनमधून जात होता. ते फंक्शन क्षण यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, बदलते. जो यूटीसीच्या पूर्वेकडे बसला आहे त्याची मध्यरात्र यूटीसीमध्ये आदल्या दिवशीची संध्याकाळ किंवा रात्र असते, म्हणून तारीख एक दिवस मागे सरकते. उलट दिशेने वाचतानाही हाच सापळा आहे. '२०२४-०३-३१' अशी नुसती तारखेची स्ट्रिंग (अक्षरांची माळ) जावास्क्रिप्टच्या डेटला दिली, तर ती यूटीसीची मध्यरात्र समजली जाते आणि पश्चिमेकडच्या वापरकर्त्याला ३० मार्च दिसते. बिलाची तारीख हा क्षण नसून कॅलेंडरवरचा दिवस आहे. म्हणून तारखेच्या कॉम्पोनंटने आत आणि बाहेर वर्ष-महिना-दिवस अशी साधी स्ट्रिंगच द्यावी-घ्यावी, आणि डेट ऑब्जेक्ट त्याच्या सीमेबाहेर कधीही जाऊ देऊ नये. एवढा एक करार पाळला तर पुढचे पुष्कळ प्रश्न उद्भवतच नाहीत.

रकमेचे दुखणे वेगळे आहे. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते, आणि १.००५ ही संख्या टू-फिक्स्ड या फंक्शनने दोन दशांशांवर आणली तर १.०१ न येता १.०० येते, कारण आत साठवलेली संख्या १.००५ पेक्षा किंचित लहान असते. त्यामुळे रकमेच्या कॉम्पोनंटनेही संख्या न देता स्ट्रिंग द्यावी किंवा चलनाच्या सर्वांत लहान एककातला पूर्णांक द्यावा. कराचा आणि सवलतीचा हिशेब सर्व्हरवर व्हावा. पडद्याने तो फक्त दाखवावा.

इनपुटचा प्रकार 'नंबर' ठेवला असेल तर तो बदलून साधा 'टेक्स्ट' करा आणि इनपुटमोड 'डेसिमल' द्या, म्हणजे फोनवर अंकांचा कीबोर्ड उघडेलच. 'नंबर' प्रकारात काही ब्राउझरमध्ये माउसचे चाक फिरले तरी आकडा बदलतो. 'ई' हे अक्षर चालते, कारण १ई५ हीसुद्धा वैध संख्या आहे. आणि सर्वांत वाईट म्हणजे वापरकर्त्याने काही अवैध लिहिले तर कोडला रिकामी स्ट्रिंग मिळते, त्यामुळे त्याने नेमके काय लिहिले आणि काय चुकले हे सांगताच येत नाही. टाइप होत असताना स्वल्पविराम घालू नयेत, कर्सर उडी मारतो. फोकस बाहेर गेल्यावर इंटल-नंबर-फॉरमॅट या ब्राउझरमधल्या सोयीने मांडणी करावी. स्प्रेडशीटमधून चिकटवलेल्या आकड्याबरोबर स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा येतातच, त्या कॉम्पोनंटने मुकाट्याने काढून टाकाव्यात. त्यासाठी वापरकर्त्याला चूक दाखवणे मला अन्यायाचे वाटते.

जाता जाता आणखी एक, कारण आपल्या भाषेत फॉर्म भरणाऱ्यांना हे रोज भोगावे लागते. इनपुटमधल्या मजकुराची लांबी मर्यादित करणारे मॅक्सलेंग्थ हे ॲट्रिब्यूट दिसणारी अक्षरे मोजत नाही. 'क्षि' हे आपल्याला एक अक्षर दिसते, तिथे चार मोजले जातात. नावाच्या चौकटीला ३० ची मर्यादा घालणाऱ्याने हे लक्षात घेतलेले नसते. तसेच बटणाला ठरावीक उंची देऊन जादा भाग झाकला, तर वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. तारखेचा कॉम्पोनंट काल उघडला आणि त्यात तीच टू-आयएसओ-स्ट्रिंगची ओळ सापडली. तक्रार का येत नव्हती, हेही शोधले. मालसाठ्याच्या ॲप्लिकेशनमध्ये सर्व्हरला पाठवण्याआधी कोणीतरी तारखेत एक दिवस मिळवला आहे, आणि बिलांमध्ये सर्व्हरवर तशीच दुरुस्ती आहे. खरेदीच्या मागण्यांमध्ये काहीच नाही. तिथल्या अपेक्षित तारखा गेली अडीच वर्षे एक दिवस मागे साठत होत्या. ही गोष्ट मला फार लागली आहे, कारण तिन्ही टीमनी एकच कॉम्पोनंट वापरूनही प्रत्येकाने आपापल्या बाजूने निराळी वाट काढली आणि लायब्ररीकडे कोणी परत आले नाही.

दोन गोष्टी अजून विचारतो. मालसाठ्याचे ॲप्लिकेशन आता अँग्युलरवर (रिॲक्टसारख्याच दुसऱ्या साधनावर) काम करणाऱ्या दुसऱ्या टीमकडे जाणार आहे. तेव्हा लायब्ररी वेब कॉम्पोनंटमध्ये, म्हणजे कोणत्याही साधनाबरोबर चालणाऱ्या ब्राउझरच्या स्वतःच्या कॉम्पोनंटमध्ये, पुन्हा लिहावी का? आणि तयार ग्रिडचा आग्रह धरणाऱ्यांना काय सांगावे?

उत्तर ३

वेब कॉम्पोनंटबद्दल माझा अनुभव संमिश्र आहे. पूर्वीच्या अडचणींपैकी काही खरोखर संपल्या आहेत. रिॲक्टच्या आधीच्या आवृत्त्या कस्टम एलिमेंटला (वेब कॉम्पोनंटच्या स्वतःच्या एचटीएमएल घटकाला) दिलेली प्रत्येक गोष्ट ॲट्रिब्यूट म्हणून स्ट्रिंगमध्ये बदलत, त्यामुळे ओळींची यादी सरळ देता येत नसे. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या रिॲक्ट १९ पासून ती प्रॉपर्टी म्हणून पोहोचते. कस्टम एलिमेंटला फॉर्मचा खरा भाग होऊ देणारी एलिमेंट-इंटर्नल्सची सोय मार्च २०२३ मध्ये सफारीतही आल्यामुळे आता सर्व प्रमुख ब्राउझरमध्ये आहे.

जी अडचण उरली आहे ती शॅडो डॉमच्या, म्हणजे वेब कॉम्पोनंटच्या आतल्या बंदिस्त रचनेच्या, सीमेची. ज्या एरिया ॲट्रिब्यूटमध्ये दुसऱ्या घटकाचा आयडी द्यावा लागतो, त्यांचा संबंध ही सीमा ओलांडून जुळत नाही. बटणाला याचा त्रास होत नाही. पण इनपुट एका शॅडो डॉममध्ये, त्याची चुकीची सूचना दुसरीकडे आणि सुचवण्यांची यादी तिसरीकडे, अशी रचना झाली की स्क्रीन रीडरला त्यांचे नाते कळत नाही. कामकाजाच्या फॉर्ममध्ये नेमके हेच कॉम्पोनंट सर्वांत जास्त असतात.

म्हणून केवळ एका अँग्युलर टीमसाठी सगळे पुन्हा लिहू नये, असे मला वाटते. रंग, अंतरे, अक्षरांचे आकार आणि कोपऱ्यांची गोलाई सीएसएस कस्टम प्रॉपर्टीमध्ये ठेवा. त्या दोन्हीकडे जशाच्या तशा चालतात. प्रत्येक कॉम्पोनंटचे अपेक्षित एचटीएमएल, कीबोर्डची वागणूक आणि तारीख स्ट्रिंगमध्येच द्यायची यासारखे करार लिहून ठेवा, आणि ब्राउझरमध्ये चालणाऱ्या चाचण्या अशा लिहा की त्यांना आत रिॲक्ट आहे की अँग्युलर, याने फरक पडणार नाही. सामाईक असायला हवी ती वागणूक; कोड दोनदा लिहावा लागला तर लागू द्या. अशा चार-पाच टीम झाल्या असत्या तर मी वेगळा सल्ला दिला असता.

तयार ग्रिड घ्यावा, पण त्याचे काम असेल तिथेच. चौकटीत थेट लिहिणे, रकाने गोठवणे, गट पाडून बेरजा दाखवणे, हजारो ओळी एका पडद्यावर हव्या असणे, अशी गरज असेल तर तो स्वतः लिहिण्याच्या फंदात पडू नका. मात्र हजारो ओळींची गरज खरी आहे का, ते आधी तपासा. असे ग्रिड फक्त दिसणाऱ्या ओळीच पानावर ठेवतात. त्यामुळे ब्राउझरच्या शोधात खालची ओळ सापडत नाही, आणि एकूण ओळी किती हे स्क्रीन रीडरला एरिया-रोकाउंटने वेगळे सांगावे लागते. सर्व्हरकडून एका वेळी ५० ओळी आणणारा आणि चांगला फिल्टर असलेला साधा तक्ता बहुतेक पडद्यांना पुरतो. ग्रिड घेतलाच तर तो एका पातळ कॉम्पोनंटच्या आत ठेवा, म्हणजे त्याचे नाव तुमच्या कोडमध्ये एकाच फाइलमध्ये राहील.

न थांबता बदल करण्याबद्दल एवढेच सांगतो की ४१ प्रॉपचा तक्ता दुरुस्त करू नका. नवा तक्ता वेगळ्या नावाने त्याच्या शेजारी ठेवा, जुन्यात नवा प्रॉप घालणे आजपासून बंद करा आणि जुन्याचा नवा वापर कोणी केला तर बिल्ड थांबेल असा लिंटचा (कोड आपोआप तपासणाऱ्या साधनाचा) नियम लावा. मग एकेक पडदा हलवा. सिमँटिक व्हर्जनिंग (जुना कोड मोडणारे बदल फक्त मोठ्या आवृत्तीत करण्याची क्रमांकपद्धत) पाळत असाल तर जुना तक्ता ज्या मोठ्या आवृत्तीत काढणार तिचा क्रमांक आताच जाहीर करा. तारखेचा बदल मात्र असा शेजारी ठेवून चालणार नाही. मालसाठ्यातला आणि बिलांच्या सर्व्हरवरचा तो मिळवलेला एक दिवस कॉम्पोनंटच्या दुरुस्तीबरोबर एकाच वेळी निघाला पाहिजे, नाहीतर आज बरोबर असलेल्या तारखा उद्या पुढे सरकतील.

उत्तर ४

मी चाचणीचे काम करते, म्हणून थोडे त्या बाजूने लिहिते. कामकाजाच्या ॲप्लिकेशनचा वापरकर्ता तोच पडदा दिवसभर वापरतो आणि त्याचे हात कीबोर्डवर असतात. माझ्या लेखी फोकस ही सामाईक कॉम्पोनंटची पहिली जबाबदारी आहे.

तुमचा डायलॉग अजून डिव्ह या साध्या एचटीएमएल घटकाने बनवलेला असेल तर ब्राउझरचा स्वतःचा डायलॉग घटक वापरा. मार्च २०२२ पासून तो सर्व प्रमुख ब्राउझरमध्ये आहे. शो-मोडल पद्धतीने उघडल्यास मागचे पान निष्क्रिय होते, एस्केपने तो बंद होतो आणि फोकस जिथून आला तिथे परत जातो. एक प्रसंग मात्र तुम्हालाच हाताळावा लागेल. ओळीतले 'काढून टाका' बटण दाबले, डायलॉगमध्ये होकार दिला आणि ती ओळच नाहीशी झाली, तर परत जायला बटण उरत नाही. फोकस पानाच्या आरंभी जातो आणि वापरकर्त्याला टॅब दाबत पुन्हा तिथवर यावे लागते. पुढच्या ओळीवर, ती नसेल तर तक्त्याच्या शीर्षकावर फोकस नेण्याचे काम तक्त्याचे आहे.

उत्तर १ मधील कारणाच्या वाक्याला माझी जोड अशी की चेकबॉक्स डिसेबल्ड केला तर टॅबने तिथे जाताच येत नाही, मग कारण वाचणार कसे? एरिया-डिसेबल्ड लावा, निवड कोडमध्ये अडवा आणि वाक्य एरिया-डिस्क्राइब्डबायने जोडा. ओळीतली छोटी चिन्हे मोजून पाहा. ऑक्टोबर २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ या वेब सुलभतेच्या नियमावलीत दाबण्याच्या जागेसाठी किमान २४ × २४ सीएसएस पिक्सेल किंवा तेवढे मोकळे अंतर ही अट आहे, आणि दाट तक्त्यांत ती हमखास मोडलेली असते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आज टीमची बैठक झाली. जुना तक्ता गोठवला आहे. तारखेची दुरुस्ती तिन्ही ॲप्लिकेशनमध्ये एकाच रिलीजमध्ये जाईल, आणि खरेदीच्या जुन्या नोंदी दुरुस्त करण्यापूर्वी त्या विभागाला लेखी कळवून त्यांची संमती घेऊ. नव्या तक्त्यासाठी पहिला पडदा मागण्यांच्या यादीचा निवडला आहे. तिथे बेरजेची ओळ लागते, आणि ती तक्त्याने करावी की पडद्याने यावर बैठकीत एकमत झाले नाही.

उत्तर १ लिहिणाऱ्याकडून

दोघांनीही करू नये. आपण ५० ओळींची पाने आणणार असाल तर तक्त्याजवळ फक्त त्या पानाच्या ओळी असतात, आणि त्यांची बेरीज 'एकूण' या शब्दाखाली दिसली तर वाचणारा ती सर्व मागण्यांची समजतो. फिल्टरला जुळणाऱ्या सर्व नोंदींची बेरीज सर्व्हरने ओळींबरोबरच पाठवावी. तक्त्याने टी-फूट या एचटीएमएल घटकात तळाच्या ओळीची जागा द्यावी आणि आकडा रकान्याच्या उजव्या कडेला नीट लावावा. शेजारचा मजकूर पडद्याने द्यावा, आणि तो 'एकूण' एवढाच न ठेवता किती मागण्यांची बेरीज आहे ते त्यात लिहावे.